शिवेवरचा दाखला: जालना, बुलढाणा आणि निजामाचे कागद

जालन्याहून देऊळगाव राजाला जायला तासभरही लागत नाही. वाटेत कुठेतरी मराठवाडा संपतो आणि विदर्भ सुरू होतो, पण जमिनीकडे बघून ते कळायचं नाही. तीच काळी माती, तोच कापूस, तेच सोयाबीन. इकडची लेक तिकडे दिलेली, तिकडची सून इकडे आलेली. पण मामाच्या कपाटात 'कुणबी' असा जातीचा दाखला असतो आणि भाच्याच्या शाळेच्या दाखल्यावर 'मराठा' लिहिलेलं असतं. मामाचा मुलगा ओबीसीतून अर्ज भरतो, भाच्याला ती वाट नाही. घरोघरी असंच आहे असं नव्हे. बुलढाण्यातही निव्वळ मराठा नोंद असलेली घरं आहेत. पण असा फरक दिसला की या भागात कुणाला नवल वाटत नाही.

हे प्रकरण त्या शिवेचं आहे. अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी, १ सप्टेंबर २०२३चा लाठीमार, मराठ्यांना कुणबी दाखले मिळावेत म्हणून मनोज जरांगे पाटील यांनी केलेली उपोषणं, ऑगस्ट २०२५च्या अखेरचं आझाद मैदान आणि २ सप्टेंबर २०२५चा 'हैदराबाद गॅझेटिअर'वाला शासन निर्णय, हे सगळं आपण टीव्हीवर पाहिलं. कुणबी आणि मराठा एक की दोन, यावर पारावर भांडणं झाली. जुने संदर्भ चाळताना मला वाटत गेलं की असा प्रश्न विचारून उत्तर निघणार नाही. जात कोणत्या साली विचारली, कोणी विचारली आणि त्या उत्तराला तेव्हा भाव काय होता, हे आधी बघावं लागतं.

शीव आली कुठून

१८५३ पर्यंत या शिवेच्या दोन्ही बाजू निजामाच्याच होत्या. वऱ्हाड हा त्याच्या राज्यातला कापसाचा, चांगला पिकणारा प्रांत. इंग्रजांनी निजामाच्या राज्यात 'हैदराबाद कंटिंजंट' नावाची फौज ठेवली होती. खर्च निजामाचा, हुकूम इंग्रजांचा. पगार थकले, कर्ज चढत गेलं आणि लॉर्ड डलहौसीच्या काळात निजामाला तह करावा लागला. वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवचा मुलूख कंपनीच्या कारभाराखाली गेला. १८६० मध्ये रायचूर आणि धाराशिव परत मिळाले, वऱ्हाड मात्र अडकलं ते अडकलंच. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये ठरवून ते कायमच्या पट्ट्याने घेतलं आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडून टाकलं. कागदोपत्री मालकी तेव्हाही निजामाचीच. पुढे त्याच्या वारसाला 'वऱ्हाडचा राजपुत्र' असा किताबही मिळाला, वऱ्हाडातल्या एका तलाठ्यालाही हुकूम देण्याचा अधिकार नसलेला.

म्हणजे जालना आणि बुलढाणा यांच्यामधली रेघ एका फौजेच्या थकलेल्या पगारातून निघाली. तिचा जातीशी, बोलीशी, सोयरिकीशी काडीचा संबंध नव्हता.

पण रेघ पडली आणि दोन्हीकडे वेगवेगळे कारकून बसले. वऱ्हाडात १८६०च्या दशकापासून मुंबई पद्धतीची रयतवारी मोजणी झाली. शेत मोजायचं, त्याला नंबर द्यायचा, खातेदाराचं नाव लिहायचं. निजामाकडे कारभार तीन तऱ्हांचा: सरकारी दिवाणी मुलूख, जहागिरी आणि खुद्द निजामाच्या खासगी खर्चाचा सर्फ-ए-खास. सालारजंगाने १८६०च्या दशकात जिल्हे बांधले, मोजणी पुढे हळूहळू होत गेली. दरबारची भाषा आधी फारसी, १८८०च्या दशकात उर्दू. गावचा पाटील-कुलकर्णी मोडीत लिहिणार, वरचं कार्यालय उर्दूत. जहागिरीच्या गावांचं दप्तर तर जहागीरदाराच्या वाड्यावर.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. १ नोव्हेंबर १९५६ला राज्य मोडलं: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, बाकीचे आंध्र आणि म्हैसूरकडे गेले. माणसं इकडे आली, राजधानीतलं दप्तर हैदराबादेतच राहिलं. म्हणून २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या अधिकाऱ्यांना मराठवाड्याचे कागद शोधायला तेलंगणात जावं लागलं.

नाव कुठून कुठे सरकलं

'कुणबी माजला, मराठा झाला' ही म्हण जुनी आहे आणि कुणाला टोचेल अशीही आहे. पण समाजशास्त्राच्या जाडजूड ग्रंथात जे सांगायला प्रकरण लागतं ते तिने चार शब्दांत सांगितलंय. कुणबी म्हणजे जमीन कसणारा. हा धंदाही होता आणि जातही. तुकोबांनी स्वतःला कुणबी म्हणवून घेतलं. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांना 'कुळवाडीभूषण' म्हटलं. ज्या घरात पाटिलकी, देशमुखी, इनाम, घोडा-तलवार आली ते घर दोन-तीन पिढ्यांत स्वतःला मराठा म्हणू लागे आणि मुली देताना-घेताना तसंच घराणं शोधू लागे. दार अगदी बंद नव्हतं, सताड उघडंही नव्हतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या दारावर गर्दी झाली. कोल्हापुरात वेदोक्ताचा, म्हणजे छत्रपतींच्या घरचे विधी वेदमंत्रांनी करायचे की नाही याचा, वाद पेटला, मराठ्यांच्या क्षत्रियत्वाचा प्रश्न अख्ख्या महाराष्ट्रात गाजला. सैन्यात मराठा पलटणी होत्या, भरतीला त्या नावाचा उपयोग होता. आणि १९१९च्या सुधारणांनंतर मुंबई कायदेमंडळात सात जागा 'मराठा आणि तत्सम जातीं'साठी राखून ठेवल्या गेल्या. ही गोष्ट आजच्या भांडणात कुणी फारशी काढत नाही. शंभर वर्षांपूर्वी राजकीय राखीव जागा 'मराठा' या नावाला होत्या. मग शिरगणतीचा माणूस दारात आल्यावर शेतकरी काय सांगणार? मुंबई इलाख्यात त्या काळात कुणब्यांचा आकडा आटत गेला आणि मराठ्यांचा फुगत गेला. शेतं तीच, नांगर तेच. हे इलाख्यात घडलं खरं, पण सोयरीक आणि प्रतिष्ठा इलाख्याची हद्द पाळत नाहीत; निजामाच्या मराठवाड्यातही ते वारं पोचलं.

एक गंमत मुद्दाम सांगतो. ज्या शाहू महाराजांनी क्षत्रियत्वासाठी झगडा मांडला, त्यांनीच २६ जुलै १९०२च्या आदेशात नोकरीतल्या ५० टक्के जागा मागासलेल्यांसाठी ठेवल्या, आणि त्या मागासलेल्यांत मराठेही होते. मानाने क्षत्रिय आणि शिक्षणाने मागास, या दोन गोष्टी त्यांना एकमेकींच्या आड येणाऱ्या वाटल्या नाहीत. आज याच दोन गोष्टींवर न्यायालयात वर्षानुवर्षं युक्तिवाद चालतात.

वऱ्हाडात मात्र पाणी उलटं वाहिलं. तिथे पंजाबराव देशमुखांसारखा नेता होता. स्वातंत्र्यानंतर ते केंद्रात कृषिमंत्री झाले. मागासवर्गीयांच्या सवलती शेतकरी जातींना मिळाव्यात यासाठी त्यांनी जन्मभर खटपट केली. 'कागदावर कुणबी लावा' हे त्यांनी वऱ्हाडातल्या मराठ्यांना पटवलं, असं तिकडची जुनी माणसं अजूनही सांगतात. श्रेय सगळं एका माणसाला द्यावं का, यावर वाद होऊ शकतो. जमिनीच्या दप्तरात कुणबी हा शब्द आधीपासून होताच. पण शब्द दप्तरात असणं आणि तो वापरायचं भान समाजाला असणं यात एका पिढीचं अंतर असतं. वऱ्हाडाने ते अंतर लवकर कापलं. मराठवाडा तेव्हा रझाकारांतून नुकता बाहेर पडत होता, त्याच्याकडे उच्च शिक्षणाची कॉलेजं बोटावर मोजण्याइतकी होती आणि विद्यापीठ मिळायला १९५८ उजाडलं.

१३ ऑक्टोबर १९६७

राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीशी ही तारीख बांधलेली आहे. ओबीसीचा दाखला हवा असेल तर तुमचं घराणं या तारखेच्या आधी इथलं होतं आणि तुमची जात तीच होती, हे जुन्या पुराव्याने दाखवावं लागतं. दाखल्याच्या कायद्यात शाबितीची जबाबदारी अर्जदारावर आहे. यादीत कुणबी ८३व्या क्रमांकावर. १ जून २००४च्या शासन निर्णयाने त्याच क्रमांकाला 'मराठा-कुणबी' आणि 'कुणबी-मराठा' जोडले गेले. नुसता मराठा नाही.

म्हणजे सगळा भार येतो आजा-पणजाच्या नावापुढे कारकुनाने काय लिहिलं यावर. आणि कारकून काय लिहायचा? कधी जात, कधी धंदा, कधी काहीच नाही. मराठवाड्यातलं १९५४-५५चं खासरा पत्रक जमिनीच्या हक्कासाठी फार मोलाचं, पण ते जातीसाठी बनवलेलंच नव्हतं.

७ सप्टेंबर २०२३ला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीला निजामकालीन पुरावे तपासायचं काम दिलं गेलं. समितीने मागितलेल्या कागदांची यादी वाचण्यासारखी आहे. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूचं रजिस्टर, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा हे अपेक्षितच. पण त्यात ताडीच्या नोंदवह्या आहेत, तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांचं रजिस्टर आहे, पोलिसांचे अटक पंचनामे आहेत, बटई पत्रकं आणि दत्तक पत्रकं आहेत. ज्या आजोबांनी कधीकाळी मारामारी करून अटक ओढवून घेतली त्यांच्या पंचनाम्यात 'जात कुणबी' असेल, तर नातवाचं मेडिकलचं स्वप्न त्या पंचनाम्यावर उभं राहू शकतं. सरळमार्गी आजोबांचं नाव मात्र कुठल्याच ठाण्यात नाही. मोडी वाचणारे आणि उर्दू-फारसी जाणणारे लोक, ज्यांना कालपर्यंत कुणी विचारत नव्हतं, ते अचानक तहसीलदारांना हवेसे झाले.

ऑक्टोबर २०२३च्या अखेरीला आलेला पहिला हिशोब असा: १ कोटी ७२ लाख नोंदी तपासल्या, ११,५३० कुणबी सापडले. साधारण दीड हजार नोंदींमागे एक. पुढे शोध राज्यभर वाढवला आणि सरकारने सांगितलेला आकडा ५८ लाखांच्या घरात गेला, पण त्या नोंदी बहुतेक मराठवाड्याबाहेरच्या. आंदोलन जिथून उठलं तिथेच कागद कमी. 'नोंदी नाहीत म्हणजे कुणबी नव्हते' असा अर्थ एका बाजूने काढला, 'नोंदी निजामाकडे राहिल्या' असा दुसऱ्या बाजूने. दप्तराचा इतिहास बघितला तर दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे, पण तेवढ्यावर पहिलं खोटं ठरत नाही.

गॅझेट आणि गॅझेटिअर

आंदोलनात घोषणा होती 'हैदराबाद गॅझेट लागू करा'. गॅझेट म्हणजे राजपत्र. त्यात हुकूम छापतात, तो लागू होतो. गॅझेटिअर म्हणजे मुलखाचं वर्णन: नद्या, पिकं, बाजार, देवळं, जाती. आपल्याकडे सरकारात त्याला दर्शनिका म्हणतात. दर्शनिका लागू कशी करणार? शेवटच्या दोन अक्षरांचा फरक आहे, पण सगळी कायदेशीर अडचण त्या अक्षरांत बसली आहे.

१९०९ मध्ये छापलेल्या इम्पीरिअल गॅझेटिअरच्या हैदराबाद खंडात १९०१च्या शिरगणतीचे आकडे आहेत. राज्यातली सर्वात मोठी शेतकरी जात म्हणून 'कापू किंवा कुणबी' असं एकत्र दिलंय: सुमारे २९ लाख ५३ हजार, राज्याच्या लोकसंख्येच्या २६ टक्के. हे वाचून मी थबकलो. कापू तेलुगू मुलखातले, कुणबी मराठी मुलखातले. त्यांच्यात रोटी-बेटी नाही, भाषा एक नाही. पण हैदराबादेत बसून बघणाऱ्याला दोघेही नांगर धरणारे, सारा भरणारे. त्याने दोघांना एका पोत्यात घातलं. त्याच्या कामापुरतं ते बरोबर होतं. त्याला सारा देणाऱ्यांची ढोबळ संख्या हवी होती, शंभर वर्षांनी कुणाला कॉलेजात प्रवेश द्यायचा हे ठरवायचं नव्हतं.

आणि त्यात नावं नाहीत. अमक्या जिल्ह्यात इतके कुणबी, बस्स. माणसाचा दाखला माणसाच्या नावावर निघतो, जिल्ह्याच्या टक्केवारीवर निघत नाही.

२ सप्टेंबर २०२५च्या शासन निर्णयाने ही फट बुजवण्याचा एक मार्ग काढला. गावपातळीवर तिघांची समिती: ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी. जमिनीचा पुरावा नसेल तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासून आपण किंवा आपले पूर्वज त्या भागात राहत होतो असं प्रतिज्ञापत्र द्यायचं. गावातल्या किंवा कुळातल्या नातेवाइकाकडे कुणबी दाखला असेल तर त्याच्या प्रतिज्ञापत्रावर चौकशी होणार. गॅझेटिअर इथे पार्श्वभूमीला उभं आहे. प्रत्यक्ष काम वंशावळीने आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षीने करायचं आहे. जो पुरावा राज्याच्या दप्तरात नाही तो गावाच्या आठवणीतून काढायचा, असा हा प्रकार.

ओबीसी संघटनांचा आणि ओबीसी नेते छगन भुजबळ यांचा आक्षेप इथेच आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. गावच्या समितीवर गावातल्या प्रबळ जातीचं वजन पडणार नाही कशावरून? ज्या गावात माळी, धनगर, वंजारी यांनी राखीव जागेमुळे पहिल्यांदा सरपंचपद पाहिलं, तिथे चौकशीत कोण कुणाविरुद्ध बोलणार? उलट बाजूही खरी: अडीच एकर कोरडवाहूवर कर्ज काढून मुलाला शिकवणाऱ्या मराठा शेतकऱ्याला 'तुम्ही सत्ताधारी जात' हे ऐकवलं तर त्याला ती थट्टा वाटते. त्याच्या आडनावाचे लोक मंत्री झाले, साखर कारखान्यांचे अध्यक्ष झाले, त्याच्या घरात काय आलं? वासाहतिक काळातला 'मराठा' हा शब्द वरच्या देशमुखाला आणि खालच्या कुणब्याला एकाच छत्रीखाली घेऊन मोठा झाला. छत्री मोठी झाल्याचा फायदा निवडणुकीत झाला, तोटा आता दाखल्यात दिसतोय.

खुर्चीचा हिशोब

या वादाकडे लोक नोकरी-शिक्षणाचा वाद म्हणून बघतात. मला वाटतं मराठवाड्यात त्याचं खरं टोक ग्रामपंचायतीत आणि जिल्हा परिषदेत आहे. २०२४च्या कायद्याने मराठा समाजाला वेगळं १० टक्के आरक्षण दिलंच आहे, पण ते नोकरी आणि शिक्षणात. सरपंचपदाला त्याचा उपयोग नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या २७ टक्क्यांपर्यंतच्या जागा ओबीसींच्या आहेत. कुणबी दाखला म्हणजे त्या जागांवर उभं राहण्याचा परवाना. म्हणून अंबड तालुक्यातच, अंतरवालीपासून हाकेच्या अंतरावर वडीगोद्रीला जून २०२४ मध्ये ओबीसींचं उपोषण बसलं.

त्या आधी एप्रिल-मेमध्ये लोकसभेचं मतदान झालं होतं. मराठवाड्यातल्या आठपैकी एकच जागा महायुतीला मिळाली. जालन्यात रावसाहेब दानवे पडले, बीडमध्ये पंकजा मुंडे ६,५५३ मतांनी. सहा महिन्यांत विधानसभेला चित्र पार पालटलं. एका प्रदेशाचा राग दोन निवडणुकांत दोन दिशांना गेला, त्यामुळे 'आरक्षणाने निकाल लागला' असं सरसकट विधान करणाऱ्यांपासून मी चार हात लांब राहतो. एवढं मात्र खरं की प्रचारात निजामाचं नाव इतक्या वेळा, आणि तेही शिवी म्हणून नव्हे तर साक्षीदार म्हणून, पूर्वी कधी निघालं नसेल. ज्या राजवटीविरुद्ध मराठवाडा लढला तिचंच दप्तर आता मराठवाड्याला आधाराला हवं आहे.

गॅझेटिअर एकदा उघडलं की ते एकट्याला वाचता येत नाही. २ सप्टेंबरनंतर काही दिवसांतच बंजारा समाजाचे मोर्चे निघाले. हैदराबादच्या कागदांत आमची नोंद जमात म्हणून आहे, तेलंगणात आमचे भाऊबंद अनुसूचित जमातीत आहेत, मग आम्ही इथे का नाही? तर्क तोच, पान दुसरं. त्यावर आदिवासी संघटना रस्त्यावर आल्या. महसूल खात्याच्या सोयीसाठी केलेलं वर्गीकरण असं एकेक करून दारं ठोठावत निघालं आहे, आणि प्रत्येक दारामागे आधीच कुणीतरी बसलेलं आहे.

१९३१ नंतर सगळ्या जातींचे शिरगणतीचे आकडे छापले गेले नाहीत. ३० एप्रिल २०२५ला केंद्राने पुढच्या जनगणनेत जात मोजायचं ठरवलं. संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. प्रगणक जालन्यातल्या भाच्याकडे येईल, देऊळगाव राजाच्या मामाकडेही जाईल. १९२१ मध्ये त्यांच्या पणजोबांनी उत्तर दिलं तेव्हा त्या उत्तराचं पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. भाच्याला आणि मामाला ते पुरतं ठाऊक आहे. प्रगणकालाही.